माटुंगा पायी बघायचं तर आधी चाला, मग खा

प्रश्न असा आला आहे: "मी आणि आई (वय ६८) पुढच्या महिन्यात नाशिकहून ठाण्याला भावाकडे येतोय. आईला माटुंगा बघायचंय. मागच्या वेळी रविवारी गेलो, पाऊण तास रांगेत उभं राहून डोसा खाल्ला आणि परत आलो. बघितलं काहीच नाही. या वेळी एक अख्खी सकाळ हाताशी आहे. आईचे गुडघे थोडे दुखतात. कसं फिरावं, आणि कॅफेत कुठे नि कसं जावं?"

माटुंगा म्हणजे मुंबईतली जुनी दाक्षिणात्य वस्ती. इथे लोकांना पायी फिरवायला लागून मला सोळा वर्षं झाली. तुम्ही सांगितलंत तसं माझ्याही हातून पहिल्या वर्षी झालं होतं. रविवारी सकाळी दहाला चौदा जणांना घेऊन गेले, म्हटलं आधी पोटपूजा करू, मग निवांत फिरू. तासाभराने टेबल मिळालं, तोवर सगळे वैतागलेले. खाऊन बाहेर पडलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि बाजार आवरत आला होता. तेव्हापासून क्रम उलटा केला. आधी चालायचं, खाणं शेवटी. यात भुकेचा प्रश्न थोडा आहे, पण खरा मुद्दा वेगळा. बाजारातली भाजी, फुलं, कॉफी, देवळातली गर्दी बघून झाली की ताटात काय आलंय ते कळतं. नाहीतर ताट फक्त चविष्ट असतं.

वार निवडताना मंगळवार ते शुक्रवार यांतला निवडा. सोमवारी इथली दोन नावाजलेली हॉटेलं, कॅफे मद्रास आणि रामा नायक, बंद असतात. तरी निघण्याआधी फोन करून खात्री करून घ्या. शनिवार-रविवारची गर्दी तुम्ही पाहिलीच आहे. ठाण्याहून स्लो लोकल पकडा, फास्ट माटुंग्याला थांबत नाही. सातच्या सुमारास उतरता आलं तर उत्तम. साडेसातनंतर गाडीत आईंना उभं राहावं लागेल.

स्टेशनवर उतरल्यावर लगेच बाहेर पळू नका. हे मध्य रेल्वेचं माटुंगा. २०१७ साली इथला सगळा कर्मचारीवर्ग महिलांचा केला गेला, तिकीट खिडकीपासून सुरक्षेपर्यंत, आणि २०१८च्या लिम्का बुकात त्याची नोंद झाली. आईंना हे आवर्जून सांगा. माझ्याबरोबर आलेल्या त्यांच्या वयाच्या बायका इथे थांबून खिडकीतल्या मुलीशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

पूर्वेला बाहेर पडलात की बाजार. इथे किमान अर्धा तास द्या. एखाद्या वस्तीत कोण राहतं हे पाट्यांवरून कळत नाही, रोज काय विकलं जातं त्यावरून कळतं. केळफूल, सुरण, अळकुड्या, शेवगा हे आपल्याकडेही मिळतं, पण इथे ते ढिगाने असतं. कोहळ्याच्या फोडी कापून ठेवलेल्या दिसतील, सांबारात आणि मोरकुळंबूत, म्हणजे तमिळ घरांतल्या ताकाच्या आमटीत घालायला. पिवळी मंगळुरी काकडी दिसेल. केरळची जाडजूड नेंद्रन केळी दिसतील आणि जवळपास कुठेतरी त्याच केळ्यांचे वेफर खोबरेल तेलात तळले जात असतील. त्या वासावर नाक मुरडू नका. दोन मिनिटांत सवय होते आणि मग तोच वास हवासा वाटतो. केळीची पानं गुंडाळी करून विकायला असतात. एखादी आजी ती गुंडाळी उलगडून पान कुठे फाटलंय का ते बघताना दिसली तर जरा थांबा. जेवणाचं पान कसं असावं याची पारख ती नजर शिकवते.

मग फुलवाले. इथे मी माणसांना सगळ्यात जास्त वेळ उभं करते. मोगऱ्याचा गजरा इथे वजनावर किंवा नगावर मागू नका, "मुळम"वर मागा. मुळम म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर, आपला हात. फुलवाली आपल्या कोपराशी माळेचं टोक धरते, बोटापर्यंत ताणते, तिथे चिमटीत पकडून पुन्हा कोपराशी आणते, "ओण्णु, रेंडु" असं मोजते आणि दोरा तोडते. हात तिचा, त्यामुळे माप तिचं. लांब हाताच्या फुलवालीकडे गिऱ्हाईक जास्त थांबतं असं एका आजींनी मला सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून मीही बघून घेते. मोगऱ्याच्या शेजारी केशरी रंगाची जी दाट माळ असते तिला त्या कनकांबरम म्हणतील. ती आपली अबोली. आणि मधे मधे हिरव्या पानांचा जो उग्र-गोड वासाचा तुरा गुंफलेला असतो, मरिकोळुंदु, तो आपला दवणा, चैत्रात जोतिबाला वाहतो तोच. आईंना हे दाखवा आणि एक मुळम त्यांच्या केसात माळा. पुढची सगळी सकाळ तो वास बरोबर राहील.

आता हे सगळे लोक इथे आले कसे, ते थोडक्यात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट चाळींमधून रोग पसरतो हे दिसल्यावर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि शहराच्या उत्तरेला दादर, माटुंगा, शीव या भागात आखीव वस्त्या करायचं ठरलं. रुंद रस्ते, फुटपाथ, झाडं, मधे बागा. नेमक्या त्याच काळात रेल्वेत, बँकांत आणि इंग्रज कंपन्यांत इंग्रजी जाणणारे, टंकलेखन आणि लघुलिपी येणारे कारकून हवे होते. पालघाट, तंजावर, तिरुनेलवेली भागातून अशी तरुण मुलं मुंबईला येऊ लागली. माटुंगा नवीन होतं, भाड्याने जागा मिळत होती, लोकल दाराशी होती. पुढे त्यांची कुटुंबं आली, मग देऊळ, मग शाळा. साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ साली इथेच सुरू झाली.

एकटी राहणारी ही मुलं जेवायची कुठे? इथल्या खानावळींचा जन्म या एका प्रश्नात आहे. आज ज्याला लोक फूड ट्रेल म्हणतात ते मुळात खोलीत चूल नसलेल्या कारकुनांचं रोजचं जेवण होतं. स्टेशनजवळच्या बाजाराच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचं उडुपी श्री कृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासून. "बोर्डिंग" हा शब्द त्याच काळातला, महिन्याच्या बोलीवर जेवणारे नेहमीचे लोक असत. केळीच्या पानावरचं साधं जेवण दुपारी तिथे घ्यावं. पण जिना आहे, आईंच्या गुडघ्यांचा विचार करा. या खेपेला ते राहू द्या असंच मी म्हणेन.

बाजारातून निघालात की रस्त्यांच्या पाट्या वाचत चला. भांडारकर रोड, तेलंग रोड, चंदावरकर रोड, पुढे भाऊ दाजी रोड. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, नारायण चंदावरकर, डॉ. भाऊ दाजी लाड. एकोणिसाव्या शतकातली आपली सगळी विद्वान आणि सुधारक मंडळी इथे रस्त्यारस्त्यावर उभी आहेत आणि त्यांच्या खालून लोक तमिळ बोलत जातात. तेलंगांनी भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद केला, तो १८८२ साली मॅक्स म्युलरच्या ग्रंथमालेत आला. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर पहाटे संस्कृत पाठ ऐकू येतात याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

इमारती बघायला मान थोडी वर करा. तळमजला आणि वर दोन-तीन मजले, गोलाई दिलेले सज्जे, जिन्याच्या भिंतीत उभी जाळी, दाराच्या कमानीवर सिमेंटात कोरलेलं इमारतीचं नाव. काही दारांसमोर अजून तांदळाच्या पिठाचा कोलम दिसेल. आपली ठिपक्यांची रांगोळी आणि त्यांचा पुळ्ळी कोलम बहिणीबहिणी आहेत. फरक असा की त्यांच्या बऱ्याच कोलमांत रेघ ठिपक्यांना जोडत नाही, त्यांच्याभोवती वळसे घेत जाते. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत मार्गळी महिना असतो, तेव्हा कोलम मोठे आणि सुबक असतात. तुम्हाला तारीख पुढे-मागे करता येत असेल तर त्या दिवसांत या. नवरात्रही चांगलं. घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, गोलू म्हणतात त्याला, आणि ओळख असली की आग्रहाने बोलावतात.

देऊळ एकच बघा, पण नीट बघा. मी आस्तिक समाजाच्या देवळात नेते. १९२३ सालची संस्था, लोक त्याला कोच्चु गुरुवायूर म्हणतात, म्हणजे धाकटं गुरुवायूर. स्टेशनपासून आईंच्या चालीने दहा मिनिटं धरा. चपला बाहेर ठेवा, फोन पिशवीत टाका. केरळी रीतीच्या देवळांत पुरुषांना काही ठिकाणी शर्ट काढायला सांगतात, भाऊ बरोबर असेल तर पाटी वाचून घ्या. प्रसाद उजव्या हातात घ्यायचा आणि गंध स्वतःच्या बोटाने लावायचं. आईंना बसायला इथे चांगली जागा मिळते. दहा मिनिटं गप्प बसून कानावर काय पडतंय ते ऐका. एका कोपऱ्यात तमिळ, दुसरीकडे मल्याळम, आणि दोघे एकमेकांशी बोलताना मुंबईची हिंदी.

इथेच तो शब्द सोडून द्यावा जो आपल्या तोंडात पटकन येतो, "मद्रासी". माटुंग्यात तमिळ आहेत, मल्याळी आहेत, तेलुगू आहेत (त्यांचं कन्यका परमेश्वरीचं उंच गोपुराचं देऊळ वाटेत दिसेल), कन्नड आहेत, तुळू आहेत आणि कोकणी बोलणारे गौड सारस्वत आहेत. १९६६ नंतरच्या काही वर्षांत मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध हवा तापली, उडुपी हॉटेलांवर दगड पडले. तेव्हा हा एकच शब्द सगळ्यांवर सरसकट फेकला जात होता. इथल्या जुन्या माणसांना ते आठवतं. ते स्वतःहून बोलत नाहीत. तुम्ही मराठीत प्रेमाने बोललात तर बहुतेक जण तुम्हाला मराठीतच उत्तर देतील, पुष्कळदा माझ्या-तुमच्यापेक्षा स्वच्छ.

आणखी एक गोष्ट, जी आलेल्यांपैकी दहातल्या नऊ जणांना ठाऊक नसते. गिऱ्हाईक तमिळ असलं तरी इथली नावाजलेली हॉटेलं चालवणारी माणसं बहुतेक उडुपी-मंगळूरकडची. कॅफे मद्रास १९४० साली सुरू झालं, नावात मद्रास आहे आणि चालवणारं घराणं कामतांचं. कामत म्हणजे गौड सारस्वत, घरची भाषा कोकणी. पोर्तुगीज काळात गोव्यातून जी सारस्वत कुटुंबं दक्षिणेला कारवार, मंगळूरकडे सरकली, त्यांच्यातले काही पुढे तीन-चार शतकांनी मुंबईला आले. गल्ल्याशी कान देऊन उभे राहिलात तर कोकणी ऐकू येईल, आणि शब्द ओळखीचे लागतील. किंग्ज सर्कलला जीएसबी (गौड सारस्वत ब्राह्मण) सेवा मंडळाचा गणपती बसतो, सोन्याच्या दागिन्यांसाठी गाजलेला, पाच दिवसांचा, १९५५ पासून. तोही याच समाजाचा.

साडेआठ-पावणेनऊच्या सुमारास किंग्ज सर्कलकडे वळा. मधली गोल बाग म्हणजे माहेश्वरी उद्यान. उड्डाणपुलाखालीही एक बाग आहे, नानालाल मेहता उद्यान, २०१६ साली झालेली. त्यातली चालायची वाट नर्मदेच्या प्रवाहाच्या आकाराची आहे. पुलाखाली गाड्या आणि कचरा साठू नये म्हणून रहिवाशांनी धरलेल्या चिकाटीतून ही जागा उभी राहिली. आईंना इथे पाय मोकळे करता येतील, डोक्यावर पूल असल्याने सावलीही मिळते. समोरच्या कोपऱ्यावर कूलर अँड कंपनी हे इराणी कॅफे, १९३२ पासूनचं. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या अजून आहेत. इथे खायचा मोह टाळा, पण दोघींत एक चहा घ्यायला हरकत नाही. दाक्षिणात्य वस्तीच्या चौकात इराण्याचं दुकान आणि पलीकडे फाइव्ह गार्डन्सच्या बाजूला पारशी कॉलनी, हे ट्रस्टच्या आखणीचंच फळ. पारशी कॉलनी मात्र याच सकाळी उरकायचा प्रयत्न करू नका, तिला तिची वेगळी सकाळ द्या.

आता कॅफे. तुमच्यासाठी कॅफे मद्रास, भाऊ दाजी रोडवर. तळमजला आहे, पायऱ्यांचा त्रास नाही. स्टेशनसमोरचं रामाश्रय हेही जुनं आणि चांगलं, पहाटेच उघडतं. पण आपण चालून इथवर आलेलो असू, परत मागे कशाला जा. दारात वहीवाला असेल. त्याला नाव आणि माणसांची संख्या सांगा, मग बाजूच्या सावलीत उभे राहा आणि नाव पुकारायची वाट बघा. दर दोन मिनिटांनी विचारायला जाऊ नका, तो कोणाला विसरत नाही. आईंना बसायला हवं हे त्याला सुरुवातीलाच सांगा. मी पाहिलंय की वयस्कर माणसांसाठी स्टूल बाहेर येतं. टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागेल. बसताना हसून मान हलवायची, आपली पिशवी मांडीवर घ्यायची. समोरच्याच्या ताटात काय आहे ते विचारायला इथे कोणी संकोचत नाही. माझ्या निम्म्या ओळखी अशाच झाल्या आहेत.

मागवताना एकदम सगळं मागवू नका, पदार्थ थंड होतात. दोघींत चार पदार्थ पुरेत, एकेक करून. पहिलं रसमवडा. रसम चाखून बघा, मिरी आणि चिंच पुढे आली पाहिजे. मग पोडी इडली, म्हणजे तूप आणि चटणीपूड माखलेली, ही तमिळ घरातली चव. तिसरं पेसरट्टू, हिरव्या मुगाचं, ते आंध्रचं. आणि शेवटी नीर डोसा. हा तुळुनाडूचा, म्हणजे उडुपी-मंगळूरकडचा, नुसत्या तांदळाचा, न आंबवता केलेला, पातळ आणि जाळीदार. आईंना न सांगता पहिला घास घ्यायला लावा. कोकणातलं कोणी घरात असेल तर त्या लगेच म्हणतील, हे तर घावन! एका टेबलावर तीन प्रांत येऊन गेले, आणि सकाळपासून कानावर पडलेल्या भाषा कुठल्या चवीशी जातात ते आपोआप जुळतं. सांबार थोडं गोडसर लागलं तर तो उडुपी हात, गूळ त्यांचा. नाचणीचा डोसा मिळतो, तोही चांगला, पण मसाला डोसा या वेळी सोडा. तो तुम्ही नाशिकलाही खाता.

कॉफी सगळ्यात शेवटी. पेला आणि वाटी अशी जोडी येईल, वाटीला दबरा म्हणतात. कॉफी पेल्यातून दबऱ्यात, दबऱ्यातून पेल्यात अशी दोन-तीनदा ओता. त्याने साखर विरघळते, फेस येतो आणि ओठ भाजत नाहीत. कॉफी संपली की उठा. बाहेर वही भरलेली आहे, आणि वेटर काही बोलला नाही तरी त्याची धावपळ दिसते.

परतीच्या वाटेवर कॉफीचं दुकान करा. मैसूर कन्सर्न्स हे जुनं नाव, कोणालाही विचारा. शंभर मीटर आधीच वास रस्ता दाखवतो. पॅकेट मागू नका, दळून मागा. तो विचारेल, पीबेरी की प्लँटेशन? कॉफीच्या फळात एरवी दोन चपट्या बिया असतात. काही फळांत एकच गोल बी धरते, ती पीबेरी. दोन्ही अर्धी-अर्धी घ्या. मग विचारेल, चिकोरी किती? चिकोरी हे भाजून दळलेलं मूळ, त्याने काढा दाट आणि काळा होतो, कडवटपणा वाढतो. पहिल्यांदा ८०-२० सांगा, म्हणजे शंभरात वीस चिकोरी. तो बिया चक्कीत टाकेल, खालून गरम पूड पिशवीत पडेल. तुमच्या हातात ती येईल तेव्हा पिशवी कोमट असते. तोंड लगेच बांधून टाकू नका, जरा निवू द्या.

फिल्टर घरी नसेल तर बाजारातच भांड्यांच्या दुकानात दोनशे मिलीचा स्टीलचा घ्या. वरच्या भांड्यात तीन चमचे पूड, चकती हलकेच दाबून ठेवा, जोरात दाबली तर पाणी उतरत नाही. उकळी येऊन अर्धा मिनिट झालेलं पाणी गोल फिरवत ओता, झाकण घाला आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. खाली उतरलेल्या काढ्याचे दोन-तीन मोठे चमचे, त्यावर उकळतं, पाणी न घातलेलं दूध. पूड काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली ठेवा आणि पंधरा दिवसांत संपवा, तेव्हा पाव किलोपेक्षा जास्त घेऊ नका.